तुझ्या नावाने टाकलेले चेंडू

सान पेद्रो दे माकोरीस
९ जानेवारी २०११

रादा,

पाकिटावर ‘किरिको मोरियो’ असं लिहिलंय म्हणून चिडू नकोस. तुझ्या मुलीने पत्ता कळवताना बजावलं होतं की तिकडे कुरासाओ बेटावर पोस्टमन तुला त्याच नावाने ओळखतो, दुसरं लिहिलं तर पत्र परत येईल. आणि पाठवणाऱ्याच्या जागी मला ‘रादामेस मोरियो’ लिहावं लागलं, कारण इथल्या पोस्टातली बाई ओळखपत्र बघते. म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, रादामेसने किरिकोला पत्र टाकलं. आत मात्र मीच आहे, तुझा थोरला भाऊ, आणि पत्र तुलाच आहे. सदतीस वर्षांनी.

आल्ताग्रासिया गेली. सतरा नोव्हेंबरला, दुपारी, तांदूळ निवडता निवडता. तुझं आणि तिचं चांगलं जमायचं म्हणून कळवतो. मला तिच्याशिवाय औषधाच्या गोळ्यांचा हिशेब लागत नाही. पांढरी सकाळी की रात्री, हे मी रोज शेजारणीला विचारतो, ती रोज सांगते आणि मला रोज शंका येते.

पण पत्र त्यासाठी नाही. तिच्या थडग्यावरचा दगड डिसेंबरात बसवला. कोरणाऱ्याने माझ्या ओळखपत्रावरून कोरलं, ‘रादामेस मोरियो यांची पत्नी’. मी समोर उभा राहून ते तीनदा वाचलं. शेजारची जागा माझी आहे. डॉक्टर म्हणतो माझ्या हृदयाची एक झडप नीट मिटत नाही. उद्या मी मेलो की हाच माणूस तीच छिन्नी घेऊन येणार आणि तिथे तुझं नाव कोरणार. तू तिकडे जिवंत, मासळी खातोयस, आणि इकडे तुझं थडगं बांधून तयार! जिवंत माणसाचं थडगं बांधणं चांगलं नाही रे. मला तेव्हापासून झोप नाही.

म्हणून मी ठरवलंय. माझं नाव मला परत घ्यायचंय आणि तुझं तुला द्यायचंय. कागदावर, शिक्क्यासकट. त्यासाठी तुला एकदा इथे यावं लागेल. बाकीचं सगळं मी बघतो.

उत्तर टाक. चिडून टाकलंस तरी चालेल.

तुझा भाऊ

६ फेब्रुवारी २०११

रादा,

चार आठवडे झाले. पत्र पोचलं नाही की पोचूनही तू उघडलं नाहीस? पोस्टातली बाई म्हणते पोचलं. तिचा भरवसा नाही, ती शेंगदाणे खात बोलते.

मी नोंदणी कचेरीत तीनदा जाऊन आलो. पहिल्यांदा वीज गेलेली, दुसऱ्यांदा साहेब गेलेला. तिसऱ्यांदा खिडकीवर एक पोरगी होती. तिला सगळं सांगितलं: कागदावर मी रादामेस, जन्म चव्वेचाळीसचा, खरा मी किरिको, जन्म चाळीसचा. तिने माझ्याकडे वर-खाली बघितलं.

“आजोबा, इथे लोक वय कमी करून घ्यायला येतात. तुम्ही चार वर्षं वाढवायला आलात?”

सगळी रांग हसली. एक बाई म्हणाली, “त्यांची नको असतील तर मला द्या गं, पेन्शन लवकर लागेल!”

मी म्हटलं, “पोरी, हसून झालं असेल तर सांग काय करायचं.”

मग ती जरा नीट बोलली. “भाऊ आल्याशिवाय काहीही होणार नाही. तुम्ही त्याचं नाव सोडलंत आणि त्याने तुमचं धरून ठेवलं, तर मग तुम्ही कोण? कुणीच नाही. दोघांनी एका दिवशी न्यायाधीशासमोर उभं राहायचं. आणि दोघांना जन्मापासून ओळखणारं, तुमच्यापेक्षा वयाने मोठं एक माणूस साक्षीला हवं.”

माझ्यापेक्षा मोठं! रादा, असं माणूस आता एकच उरलंय, आपली कांदिदा मावशी. ब्याण्णव सरून त्र्याण्णव लागलं. डोकं ठणठणीत आहे, पाय नाहीत. ती आपल्या दोघांच्या जन्माला हजर होती. ती आहे तोवरच हे होईल. ती गेली की तू कायमचा मी आणि मी कायमचा तू. म्हणून मी घाई करतोय. उगीच करत नाही.

तुझा पासपोर्ट अजून आपल्याच देशाचा आहे, असं तुझी मुलगी म्हणाली. म्हणजे तिकडे काही अडचण यायला नको. मी दोन वकिलांना विचारलं. दोघांनी वेगवेगळं सांगितलं, पण इतकं दोघांनी मान्य केलं.

मला माहीत आहे तुझ्या मनात काय असेल. ‘एवढी वर्षं माझं नाव वापरलं आणि आता म्हातारपणी उपरती झाली.’ पण बासष्ट साली सगळेच ते करत होते. गोऱ्यांना बेसबॉलसाठी अठराचा पोरगा हवा असायचा, बावीसचा म्हणजे त्यांना थेरडा. धाकट्याचा जन्मदाखला घेऊन थोरला जायचा. घरोघरी हेच. आईने स्वतः पेटीतून तुझा दाखला काढून दिला. मी म्हटलं होतं दोन वर्षांत परत देतो, मग तुला बोलावून घेतो. दोनाची दहा झाली, आणि तुला माझ्या दाखल्यावर जगावं लागलं. ते चुकलं, मी मान्य करतो.

आणि तिकडे काही सुख नव्हतं. पहिली पाच वर्षं अमेरिकेच्या दक्षिणेतल्या गावांतून बसने. गोरी पोरं हॉटेलात जेवायची, आम्ही काळे बसमध्ये बसून त्यांनी आणलेला पाव खायचो. मग वरच्या संघात चार हंगाम. तिथेही सुरुवातीपासून चेंडू टाकणारा पिचर कधीच नाही, मदतीचा. म्हणजे आधीच्याची दमछाक झाली, सामना हातून निसटायला लागला की मला हाक. मैदानाच्या टोकाला कुंपणामागे आमचा बाक. तिथे एक फोन. फोन वाजला की उठायचं, तीस-चाळीस चेंडू टाकून हात गरम करायचा. मग परत फोन: ‘नको, बस.’ बसायचं. दोन डावांनी परत: ‘ऊठ.’ ते चेंडू कुणी मोजत नाही. छापील आकड्यांत बघशील तर मी एका हंगामात सत्तर डावही टाकलेले नाहीत. माझा खांदा त्या न मोजलेल्या चेंडूंनी गेला.

आणि बोलावलं की मैदानभर भोंग्यातून पुकारायचे, “रादामेस मोरियो!” चाळीस हजार माणसं. मी कुंपणाचं दार उघडून धावत निघायचो आणि दर वेळी, दर वेळी रादा, मला एकदा मागे वळून बघावंसं वाटायचं.

ये बाबा.

तुझा भाऊ

२७ फेब्रुवारी २०११

रादा,

तुझं कार्ड मिळालं. पोस्टमनने दारातच दिलं. एकच ओळ. ‘मला एवढंच सांग, तू मला कोणता वार सांगितला होतास?’

अक्षर तुझंच. अजून तसंच उजवीकडे कलतं.

तुझा प्रश्न वाचला. त्याचं उत्तर जरा सवडीने देतो. एकोणपन्नास वर्षांपूर्वीचा वार कुणाच्या लक्षात राहतो? माझं तर काल काय जेवलो ते राहत नाही.

इकडची बातमी म्हणजे मावशी न्हाणीत घसरली. हाड मोडलं नाही, पण मनगट काळंनिळं. मी धावत गेलो तर मलाच म्हणते, “इतका पांढरा का पडलास? मी मरेन म्हणून की साक्ष मरेल म्हणून?” तिला सगळं कळतं.

कोर्टाने तारीख द्यायचं कबूल केलंय. तू हो म्हणालास की लगेच.

बाकी ठीक. मैदानाजवळ बदामाच्या झाडाखाली आमचा बाक आहे, तिथे संध्याकाळी डॉमिनो खेळतो. चागो असतो, साखर कारखान्याच्या संघाचा कॅचर होता तो. उलिसेस न्हावी असतो. चागो आता जाड झालाय, गुडघे गेलेत, पण सोंगटी आपटताना जुना जोर. परवा त्याने मला विचारलं, तुझ्या एवढ्या वर्षांत सगळ्यात वाईट चेंडू कोणता? मी हसण्यावारी नेलं. तुला सांगतो.

आमच्यात एक नियम आहे. मला बोलवायचे तेव्हा तळांवर बहुधा समोरच्या संघाची एक-दोन माणसं आधीच उभी असायची. ती आधीच्या पिचरने तिथवर पोचू दिलेली. मी चेंडू चुकवला आणि ती माणसं धावत घरी, म्हणजे शेवटच्या तळावर, आली, तर त्या धावा माझ्या नावावर लागत नाहीत. निघून गेलेल्याच्या नावावर लागतात. नियम तसाच आहे, आजही.

आमच्याकडे एक लांबोडका पोर होता, ओहायोचा. त्याने सहा डाव जीव तोडून टाकले, दोन माणसं तळांवर ठेवून निघाला. जाताना चेंडू माझ्या हातात ठेवला आणि म्हणाला, “सांभाळ.” माझ्या दुसऱ्याच चेंडूवर दोघं घरी आले. तसं महिनाभरात तीनदा झालं, तिन्ही वेळा त्याचीच माणसं. वर्तमानपत्रात त्याचे आकडे घाण, माझे स्वच्छ. ऑगस्टात त्याला खालच्या संघात पाठवलं. बॅग भरताना मी बाजूलाच होतो. मी काही म्हणालो नाही. म्हणायचं काय? नियमच तसा.

हे मी तुला का सांगतोय, कळत नाही. लिहायला बसलो आणि हेच आलं.

वाराचं आठवलं की कळवतो.

तुझा भाऊ

२० मार्च २०११

रादा,

दुसरं कार्ड मिळालं. तीच ओळ. या वेळी खाली रेघ मारलीस.

हे पत्र मी चारदा फाडलं. वहीची पानं संपत आली. शेजारीण म्हणते, “काका, रक्तदाब वाढतोय, लिहिणं बंद करा.” मी तिला म्हटलं, हे लिहिलं की बंद करतो.

सोमवार. मी तुला सोमवार सांगितला होता.

खरा वार रविवार होता.

आता उरलेलंही लिहितो, नाहीतर परत हिंमत होणार नाही. गोऱ्यांसाठी पोरं हेरणारा तो तोन्यो गुरुवारी मैदानावर आला होता. तू कारखान्याच्या वर्कशॉपवाल्यांना चेंडू टाकत होतास. त्याने अकरा चेंडू बघितले. मी कुंपणापाशी होतो, मी त्याचं तोंड बघितलं. मला तो दोनदा नाही म्हणाला होता, “चांगला आहेस रे, पण म्हातारा आहेस.” बावीस वर्षांचा म्हातारा! तुझे अकरा चेंडू बघून त्याने खिशातून कागद काढला आणि लिहिलं: रादामेस मोरियो, अठरा, उजवा हात. तू तोवर नदीवर अंघोळीला गेलेलास. तो माझ्याकडे आला. “तुझा भाऊ ना? त्याला सांग, रविवारी सकाळी आठला, इथेच. अमेरिकन साहेब स्वतः येतोय. मी नसेन, मला आसुआला दुसरा पोर बघायचाय. कागद साहेबाकडे देतो.”

मी नदीपर्यंत चालत गेलो. चालताना मनात काही नव्हतं, खरं सांगतो. तू पाण्यातून ओरडलास, “काय म्हणाला?” आणि माझ्या तोंडातून आलं, “सोमवारी ये म्हणाला. आठला.”

शनिवारी रात्री तू म्हणालास, उद्या पोरांबरोबर खाडीवर खेकडे धरायला जातो, हातही मोकळा होईल. मी म्हटलं, जा.

रविवारी साहेबाने कागद बघून पुकारलं, “रादामेस मोरियो?” मी हात वर केला. एवढंच. आधी मी फक्त हात वर केला. मग उंचवट्यावर गेलो. पहिले दोन चेंडू घाबरून बाहेर गेले, त्यानंतर मी आयुष्यात टाकले नव्हते असे टाकले. तो साहेब खूश झाला, ते खोटं नाही. पण तो ज्याला बघायला आला होता तो खाडीत गुडघाभर चिखलात उभा होता.

वयाची गोष्ट मी आईसाठी बनवली. तिला म्हटलं, साहेबाला मी आवडलो पण वय कमी हवं, रादाचा दाखला दे. त्या काळी सगळ्यांनाच हे खरं वाटण्यासारखं होतं. ती देताना म्हणाली, “धाकट्याला विचारलंस?” मी म्हटलं, विचारलं.

तू संध्याकाळी पोतं भरून खेकडे घेऊन आलास. मी ओसरीवर करार घेऊन बसलो होतो. तुला म्हटलं, “साहेब एक दिवस आधीच आला रे, मी तिथे सहज होतो.” तू पोतं आईकडे दिलंस. आईने नारळाच्या दुधात खेकडे केले. मी ते खाल्ले. दोनदा वाढून घेतले.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. आल्ताग्रासियालाही नाही, आणि ती माझ्याजवळ चव्वेचाळीस वर्षं होती.

तू चौऱ्याहत्तर साली निरोप न घेता गेलास तेव्हा मी सगळ्यांना सांगत फिरलो की तुला माझा हेवा वाटतो. तेही खोटं. तू का गेलास ते मला माहीत नव्हतं, आणि विचारायची भीती वाटत होती.

आता येणार नसशील तर तसं लिही. मी समजेन. पण मी कोर्टात अर्ज मागे घेणार नाही.

तुझा भाऊ

१० एप्रिल २०११

रादा,

या वेळी तू अख्खं पान लिहिलंस. मी ते उभ्यानेच वाचलं.

तोन्योने मरण्याआधी तुला सांगितलं होतं. म्हणजे तुला चौऱ्याहत्तरपासून माहीत होतं, आणि तरी तू विचारलंस. तुझं म्हणणं बरोबर आहे, मला माहीत नव्हतं ते तू विचारत नव्हतास. तू बघत होतास मी काय लिहितो.

आणि तू लिहिलंस, ‘मला सांगून उपयोग नाही, मला ठाऊक आहे. मावशीला सांग. बाकावरच्यांना सांग. ज्यांनी तुझ्यासाठी पन्नास वर्षं टाळ्या वाजवल्या त्यांना सांग. मग मी तिकिटाचं बघेन.’

मी दोन दिवस तुझ्यावर चिडलो. या वयात माझ्याकडे काय आहे रे? एक झाड, एक बाक, चार म्हातारे. तेही काढून घेतोस? मैदानावर गेलो की पोरं माझा फोटो छापलेलं खेळाडूंचं जुनं कार्ड घेऊन सहीला येतात. कार्डावर माझं तोंड, तुझं नाव आणि तुझा जन्मदिवस. मी सही करतो, तुझीच. तेही जाईल.

मग तिसऱ्या दिवशी मी मावशीला खुर्चीसकट मैदानावर आणवलं. उलिसेसने आणि त्याच्या जावयाने उचललं. ती वाटेत ओरडत होती, “हळू रे गाढवांनो, मी साखरेचं पोतं नाही!” चागो सोंगट्या मांडत होता.

मी उभा राहिलो. बसून सांगता येईना.

उलिसेस म्हणाला, “काय रे, भाषण? निवडणुकीला उभा राहतोस काय?”

मी सांगितलं. गुरुवार, रविवार, सोमवार. सगळं. तुला लिहिलं तेवढं, त्याहून कमी नाही. मध्ये खोकला आला, पाणी प्यायलो, परत सांगितलं.

 मग चागो हळू आवाजात म्हणाला, “त्या रविवारी चेंडू कुणी झेलले?”

“तू.”

“आणि मी तुला विचारलं होतं, रादा कुठाय. काय म्हणालास?”

ते मी विसरलो होतो रादा, देवाशप्पथ. त्याने विचारलं तेव्हा आठवलं. “ताप आलाय म्हणालो.”

“ताप,” चागो म्हणाला. “मी संध्याकाळी त्याच्यासाठी लिंबं घेऊन येणार होतो. माझ्या आईने मला दुसऱ्या कामाला लावलं म्हणून राहिलं. आलो असतो तर?” त्याने सोंगट्या उलट्या करून ढकलल्या आणि उठला. त्या गुडघ्यांनी उठायला त्याला वेळ लागतो, म्हणून सगळ्यांनी ते बघितलं. “पन्नास वर्षं या पोरांना सांगतोय, मी रादामेसचा पहिला कॅचर. तुझ्यामुळे माझ्याही तोंडून खोटंच निघालं.” आणि गेला.

उलिसेस उगाच सोंगट्या गोळा करत राहिला. म्हणाला, “पण चेंडू तर तूच टाकलेस ना. ते तर त्याने नाही टाकले.” बिचारा मला काहीतरी द्यायला बघत होता. मी म्हटलं, “हो, ते मीच टाकले. जागा त्याची होती.”

मावशीने मला बोटाने जवळ बोलावलं. “वाक.” मी वाकलो. “अजून.” अजून वाकलो. तिने माझा कान धरला आणि पिरगाळला. काळ्यानिळ्या मनगटाच्या हाताने. मी एकाहत्तर वर्षांचा, मैदानात पोरं सराव करतायत, आणि माझा कान तिच्या हातात.

“हा रविवारचा,” ती म्हणाली. मग दुसरा कान. “हा आईला फसवल्याचा.” मग सोडून म्हणाली, “आता रडू नकोस, ओंगळ दिसतोस. कोर्टात मी सांगेन कोण कोण आहे ते. पण मला दोघं समोर हवेत. एकाच गाढवाकडे बघून दोन कसे ओळखू?”

चागो तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. मी रोज बाकावर जातो. तो पलीकडच्या टोकाला बसतो, तोंड फिरवून. मी माझ्या टोकाला बसतो. उद्याही जाणार. परवाही. तो उठून जात नाही तोवर मी बसणार, आणि उठून गेला तरी बसणार.

शनिवारी तीन पोरं कार्ड घेऊन आली. मी म्हटलं, सही करतो पण माझ्या नावाची. एकाने विचारलं, “किरिको कोण?” मी सांगितलं, “हे तोंड ज्याचं आहे तो.” दोघांनी सही घेतली. तिसऱ्याने कार्ड परत खिशात घातलं.

झालं. तू सांगितलंस ते केलं.

तुझा भाऊ

१ मे २०११

रादा,

तारीख मिळाली. बुधवार, अकरा मे, सकाळी नऊ. न्यायाधीश बाई आहे, कडक आहे म्हणतात. मावशीला नवीन झगा शिवून घेतलाय, निळा. ती म्हणते शिंप्याने काखेत घट्ट केलाय, आता मी एवढ्या थोड्या दिवसांसाठी बारीक कशाला होऊ.

तुझ्या मुलीचा फोन शेजारणीच्या घरी आला. मी पळत गेलो. ती म्हणाली, “काका, बाबांनी नऊ तारखेचं, सोमवारचं तिकीट काढलंय. पण ते म्हणतात, काढलंय म्हणून बसेनच असं नाही.” मी तिला म्हटलं, “त्याला म्हणावं, बरोबर आहे.” ती हसली. आवाज आपल्या आईसारखा आहे. तुला कुणी सांगितलंय का?

आता नीट ऐक, कारण मला भीती आहे की काहीतरी चुकेल.

कुरासाओहून येणारं विमान दुपारी दोन वाजून दहाला उतरतं. मी बारालाच तिथे असेन. उलिसेसच्या जावयाची गाडी मागितली आहे, तिचा एसी चालत नाही, खिडक्या उघड्या ठेवू. त्या विमानात नसलास तर मी घरी येऊन परत मंगळवारी जाणार. मंगळवारीही नसलास तर बुधवारी मावशीला घेऊन कोर्टात जाणार आणि न्यायाधीश बाईला तुला लिहिलं तेच सांगणार, आणि पुढची तारीख मागणार. ती मिळाली की परत विमानतळावर. डॉक्टर म्हणतो ऑपरेशन जूनमध्ये करू. मी म्हटलं, आधी नाव, मग झडप. किरिकोच्या छातीवर चीर पडू दे, तुझ्या नाही.

तू मला ओळखणार नाहीस. मी जाड होतो तो वाळलोय, केस गेले, उजवा खांदा खाली आलाय. मीही तुला ओळखेन याची खात्री नाही. सदतीस वर्षं झाली. म्हणून मी एक केलं. बाहेर येणाऱ्या माणसांसाठी ड्रायव्हर लोक पुठ्ठ्यावर नाव लिहून उभे राहतात ना, तसा पुठ्ठा घेतला. खोक्याचाच आहे, पण एक बाजू पांढरी. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं. पहिल्यांदा शेवटची अक्षरं बसली नाहीत, दुसऱ्यांदा शाई पसरली, तिसऱ्यांदा शेजारणीकडून पट्टी आणून रेघा मारून लिहिलं.

रादामेस मोरियो.

कठड्याच्या अगदी पुढे उभा राहीन. दोन्ही हातांनी वर धरेन. तुझ्या पासपोर्टावर माझं नाव असेल, शिपाई ते बघून तुला सोडेल, ते बघू नकोस. दारातून बाहेर आलास की पुठ्ठे बघ. तिथे कुणी मला विचारलं, “आजोबा, हे तुमचं नाव?” तर मी सांगेन, “नाही. जो येतोय त्याचं.”

पुठ्ठ्यासमोर येऊन उभा राहा. काही बोलू नकोस, नसेल बोलायचं तर. मी तो तुझ्या हातात देईन.

किरिको